तालमीनं धुराचं मशिन घ्यावं का?

पत्र थोडक्यात : कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतल्या तालीम मंडळाचे खजिनदार लिहितात. गेल्या वर्षी गणपतीच्या आगेमागे त्यांच्या गल्लीत तापाची साथ होती. पुतणीला डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, घरचे हादरून गेले. यंदा मंडळाकडे वर्गणीतले 60,000 रुपये शिल्लक आहेत आणि पोरांनी ठरवून टाकलंय की धुराचं मशिन घ्यायचं, रोज संध्याकाळी गल्लीतून फिरवायचं. महापालिकेची गाडी कधीमधी येते, गटारी तुंबलेल्या असतात, तेव्हा आपलं आपणच बघायचं असा सूर आहे. जोडीला रक्तदान शिबिर, म्हणजे गणपतीत कुणाला प्लेटलेट कमी पडायला नकोत. अडचण अशी की वॉर्डातल्या आशाताईंनी खजिनदारांना सांगितलं, मशिननं काही होणार नाही, घरातली पाण्याची भांडी बघा. आणि नेमकं त्यांच्याच आईनं आशाताईंना दारातून परत पाठवलं. पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. भरलेलं पाणी ओतून द्यायला आई तयार नाहीत. शेजारच्या काकूंकडं तर सहा बॅरल आहेत. शिवाय मंडळाच्या अध्यक्षांच्या भावाचं टायरचं दुकान आहे, दुकानाबाहेर जुन्या टायरांची चळत पावसात भिजत पडलीय, त्यावर कुणी बोलत नाही. 'मशिनला विरोध केला तर पोरं म्हणतील, हा बायकांचं ऐकतो. नाही केला तर पैसे धुरात जातील. या अडाणीपणापुढं करायचं काय?' असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

मशिनचा विषय आधी संपवू, कारण तुमची बैठक येत्या रविवारी आहे आणि बाकीचं सगळं त्यावर अडलंय.

आशाताईंचं बरोबर आहे. धुराच्या मशिनमधून कीटकनाशकाचे बारीक थेंब हवेत सुटतात. त्या घडीला जो डास उडत असेल आणि थेंबाच्या तडाख्यात सापडेल, तो मरतो. धूर विरला की औषधाचा अंमलही संपला. पाण्यातली अळी, कोष, भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी, यांना त्या धुराचा पत्ताही लागत नाही. आता गल्लीत धुराची गाडी आली की काय होतं ते आठवा. कुणीतरी ओरडतं, 'दारं लावा, धूर आला!' फटाफट खिडक्या मिटतात, बारकी पोरं गाडीमागं पळतात, दहा मिनिटांत सगळं शांत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्या वेळी खुंटीवरच्या शर्टामागं असतो, कॉटखाली असतो, चपलांच्या रॅकमध्ये असतो. म्हणजे लावलेल्या दाराच्या आत, आरामात.

धुराचा उपयोग आहे, पण ठरावीक वेळी. एखाद्या गल्लीत लागोपाठ पेशंट निघाले तर पेशंटच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद करून, अन्नपाणी झाकून, शिकलेल्या माणसानं धूर मारला तर विषाणू घेऊन फिरणारे डास कमी होतात. हे काम महापालिकेच्या आरोग्य खात्याचं. पेशंट निघाला की त्यांना कळवायचं आणि मागं लागून ते करून घ्यायचं. पण डिझेलमध्ये औषध किती घालायचं याचा अंदाज नसलेल्या पोरांनी तोंडाला रुमाल बांधून रोज संध्याकाळी हौसेनं मशिन फिरवलं, तर गल्लीतले दम्याचे पेशंट माझ्या दवाखान्यात येतील आणि डासांना हळूहळू त्या औषधाची सवय होईल. पैशांपेक्षा मला वेगळीच भीती वाटते. मशिनचा आवाज आणि धुराचा लोट बघून सगळ्यांना वाटेल, मंडळानं काम केलं. मग बॅरलात डोकावून बघायला कोण जातंय?

तुमच्या पत्रात गटार सारखं येतंय. गटारीबद्दलचा राग योग्य आहे, तक्रारी करत राहा. मात्र रात्री कानाशी गुणगुणणारा, गटारीत आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणारा डास वेगळा, त्याला क्युलेक्स म्हणतात. झोपमोड करतो, हत्तीरोगही पसरवू शकतो, पण डेंग्यू त्याच्यामुळं होत नाही. एडिसला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. तो दिवसा चावतो. सकाळचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत जास्त. फारसा आवाज करत नाही. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावायला त्याला आपले घोटे आवडतात. तुमची पुतणी शाळेतून येऊन टेबलाखाली पाय सोडून गृहपाठाला बसते, ती त्याची वेळ. चिकनगुन्या आणि झिकाही हाच डास आणतो.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट पुढं आहे. हा डास लांब उडणारा नाही. जिथं जन्मला तिथून बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच तो आयुष्य काढतो. म्हणजे तुमच्या पुतणीला चावलेला डास जयंती नाल्यावरून आलेला असायची शक्यता फार कमी. तो तुमच्याच घरातल्या नाहीतर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या पाण्यात जन्मलेला असणार. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. डेंग्यू घाणेरड्या वस्तीत होतो असं आपल्या मनात पक्कं बसलंय, त्यामुळं 'तुमच्याकडं अळ्या सापडल्या' हे वाक्य बाईमाणसाला शिवी दिल्यासारखं लागतं. आशाताईंना दारातून परत पाठवण्यामागं हेही एक कारण असू शकतं. तुम्ही आईंना कधी विचारलंत का?

आता अडाणीपणाकडं येते. तुमच्या पत्रातल्या याच शब्दापाशी मी अडखळले.

पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं तेव्हा घरात कोण उठतं? मोटर कोण लावतं, पाइप एका बॅरलातून दुसऱ्या बॅरलात कोण टाकतं, शेवटी दाब कमी झाला की घागरीनं कोण भरतं? त्या बाईला अकरा वाजता कुणी येऊन सांगितलं की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, तर ती काय म्हणणार? उद्या पाणी नाही. परवा येईलच याची खात्री नाही. तुमच्या आईंचा नकार पाण्याच्या हिशेबातून आलाय, आणि तुम्ही तर खजिनदार. शिल्लक ओतून टाका असं कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. गल्लीत जी पाणी भरते तिच्या सोयीनं उपाय बसवला नाही तर तो टिकणार नाही. 'बायकांचं ऐकतो' म्हणणाऱ्या पोरांना सांगा, पहाटेचं पाणी एक महिना तुम्ही भरा, मग आपण मशिनवर बोलू.

तेव्हा पाणी न ओतता बॅरल कसं घासायचं, हा खरा प्रश्न. तो सुटतो.

बॅरलात अळ्या का होतात ते आधी बघा. वरचं पाणी आपण तांब्यानं काढून वापरतो, तळाचं हातभर तसंच राहतं, पुढच्या पाळीला त्यावर नवं पाणी पडतं. वर्षानुवर्षं ते बॅरल पूर्ण रिकामं होतच नाही. आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. मादी अंडी पाण्यात टाकत नाही; पाण्याच्या जरा वर, त्या ओल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून उन्हाळ्यात कोरडं पडलेलं बॅरल पावसाळ्यात भरलं की आठवड्यात त्यात अळ्या वळवळायला लागतात आणि बाई म्हणते, कालच तर भरलं होतं. अंड्याचा डास व्हायला आपल्या पावसाळी हवेत सात ते दहा दिवस लागतात. एवढ्या मुदतीत एकदा प्रत्येक भांड्याची कड घासली गेली की पिढी तुटते.

काकूंच्या सहा बॅरलांवर खडूनं किंवा रंगानं आकडे घाला. पाणी यायच्या आदल्या दिवशी फक्त दोनच बॅरल तळाला आणायची, त्यातलं पाणी आधी वापरायचं. उरलेलं सुती फडक्यातून गाळून बादल्यांत घ्यायचं. फरशी, संडास, गाडी धुणं, कशालाही चालतं. फडक्यावर अडकलेल्या अळ्या उन्हात कोरड्या फरशीवर झटकल्या की मरतात; गटारीत टाकायच्या नाहीत. मग काथ्या नाहीतर प्लास्टिकचा ब्रश घेऊन काठापर्यंत घासायचं, थोड्या पाण्यानं खंगाळायचं, पहाटे नवं भरायचं. पुढच्या पाळीला तीन आणि चार, त्याच्या पुढच्या पाळीला पाच आणि सहा. तीन पाळ्या म्हणजे सहा दिवस. एक घागर वाया जात नाही आणि आठवडाही उलटत नाही. एकटीनं बॅरल आडवं करणं हे मात्र काकूंच्या वयाला जमणारं काम नाही, आणि तुमच्या तालमीत बॅरल उचलणाऱ्या हातांची कमतरता नसावी. मशिन फिरवायला जे दोघं रोज तयार होते, त्यांनी पाण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास गल्लीत फिरायचं. घासायचंही त्यांनीच, नुसतं उचलून बाजूला उभं राहायचं नाही.

झाकणाचं सांगते, कारण तिथं बहुतेक लोक चुकतात. बॅरलवर ताट किंवा फळकुट ठेवलं की आपल्याला वाटतं झाकलं. बोटभर फट डासाला पुरते. जुनं सुती लुगडं दुहेरी करून काठाभोवती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट आवळायचं. कापड मधे लोंबून पाण्याला टेकलं तर ओल्या कापडावरही मादी बसते, म्हणून ते ताणलेलं पाहिजे. माझं म्हणणं, तुमच्या शिलकीतला पहिला खर्च झाकणांवर आणि मच्छरदाणीच्या कापडावर व्हावा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालेलं असतं आणि महिनोन् महिने कुणी वर जात नाही, तेही पोरांनी बघावं.

देवाच्या आणि पिण्याच्या पाण्याचा मुद्दा तुमच्या आईंच्या मनात असेलच. 'औषध टाकलेलं पाणी देवाला कसं वाहायचं' हे मी अनेक घरांत ऐकते. त्यांना सांगा, तांब्याचा हंडा आणि माठ तुम्ही रोज घासताच, तिथं अळी व्हायला वेळच मिळत नाही. आशाताई त्याला हात लावणार नाहीत. त्यांच्याकडचं अळ्या मारायचं औषध वापरायच्या पाण्यासाठी आहे, जिथं भांडं रिकामं करणं शक्यच नाही अशा ठिकाणी.

सिमेंटचा मोठा हौद, आड, गोठ्यातला हौद, हे दर आठवड्याला कोण उपसणार? तिथं गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडं मागितले की मिळतात. आपल्या पेठांत अजून म्हशी आहेत, रात्री कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायची आपली हौसही आहे. त्याच कट्ट्यामागच्या गोठ्यात म्हशींच्या पाण्याचा हौद असतो आणि तो डासांच्या यादीतून कायम सुटतो. गवळ्याला सांगून तिथं मासे सोडता येतील. फक्त उरलेले मासे पुण्य म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. ते मूळचे परदेशी मासे आहेत, फार झपाट्यानं वाढतात आणि इथल्या देशी माशांना जड जातात.

हे सगळं दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगण्याआधी एक काम करा. तालमीच्या गच्चीवर जा.

गेल्या वर्षीच्या मांडवाची ताडपत्री तिथं घड्या घालून ठेवलेली असेल. प्रत्येक घडीत ओंजळभर पाणी असतं. उभे करून ठेवलेले कळक बघा, वरचं तोंड उघडं आणि पेरापर्यंत पाणी. रंगाचे रिकामे डबे, देखाव्याचे प्लास्टिकचे तुकडे, गेल्या खेपेच्या महाप्रसादातली फुटकी पिंपं. आत पैलवानांच्या आंघोळीचा हौद. बॅटरी घेऊन जा आणि हौदावर सरळ उजेड टाका. अळ्या उजेडाला दचकून तळाला जातात, तेव्हा लगेच 'काय नाही हो' म्हणून वळू नका. मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्या परत वर येतात, शेपटीकडचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून तिरक्या लोंबतात. एवढीशी, तांदळाच्या कणीएवढी. सगळ्या कार्यकर्त्यांना ती एकदा दाखवा. काचेच्या बरणीत चार अळ्या घेऊन तोंडाला घट्ट कापड बांधा आणि बैठकीत मधे ठेवा. माझं लांबलचक उत्तर वाचून दाखवण्यापेक्षा तुम्हाला त्याचा जास्त उपयोग होईल. नंतर ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतायला विसरू नका.

टायरचं दुकान या सगळ्यानंतर. टायर कसाही ठेवला, आडवा, उभा, टेकून, तरी त्याच्या पोटात पाणी राहतंच आणि ते उलटं करून सगळं निघत नाही. काळा रंग, सावली, पडलेला पालापाचोळा, एडिसला आणखी काय पाहिजे? पण अध्यक्षांच्या भावाचा विषय तुम्ही बैठकीत काढलात तर तो भावकीचा विषय होईल, टायर जागच्या जागी राहतील आणि तुम्ही खजिनदार राहणार नाही. चारचौघांत पाणउतारा झाला की आपल्याकडचा माणूस खरं असलं तरी मान्य करत नाही. तालमीची गच्ची साफ केल्यावर दोघं जण दुकानात चहाला जा. त्यांना विचारा, यातले विकायचे कुठले आणि भंगारातले कुठले. भंगाराचे एका टेम्पोत घालून द्यायला पोरं मदत करतील. विकायच्यांवर पत्र्याची पडवी किंवा ताणून बांधलेली ताडपत्री, आणि तिला उतार, नाहीतर ताडपत्रीवरच तळं साचेल. बाहेर लटकवलेल्या टायरला खालच्या बाजूला भोक पाडलं की पाणी थांबत नाही. ताडपत्रीचा खर्च मंडळानं उचलला तरी मला त्यात वावगं वाटत नाही. दोनदा सांगूनही नाही ऐकलं तर महापालिकेला नोटीस काढायचा अधिकार आहे, तो मार्ग आहेच. तो आशाताईंच्या नावावर ढकलू नका. त्यांना रोज त्याच गल्लीतून फिरायचं असतं.

आशाताईंना बैठकीला बोलवा. पुढच्या फेरीला त्यांच्याबरोबर तुमच्या आईंना पाठवता आलं तर सोन्याहून पिवळं. ज्या बाईनं परत पाठवलं तीच बरोबर आली म्हटल्यावर बाकीची दारं आपोआप उघडतील.

आता रक्तदान शिबिर. जरूर घ्या, रक्त बारा महिने लागतं. पण त्यामागचा हिशेब चुकतोय. रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट साधारण पाच दिवस टिकतात. श्रावणात शिबिर घेऊन गणपतीतल्या पेशंटला त्या मिळणार नाहीत. त्यापेक्षा गल्लीतल्या तरण्या, निरोगी पोरांची रक्तगटासह यादी करा आणि फोन आला की कोण जाणार ते ठरवा. दुसरं असं की डेंग्यूत फक्त आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. रक्तस्राव आहे का, रक्त घट्ट होतंय का, लघवी होतेय का, नाडी आणि रक्तदाब कसा आहे, हे डॉक्टर बघतात आणि मग ठरवतात. रिपोर्टमध्ये आकडा खाली दिसला की नातेवाईक 'चढवा, चढवा' म्हणून मागं लागतात, त्या दबावाचा पेशंटला फायदा होत नाही. पपईच्या पानांचा रस पाजायचा असेल तर डॉक्टरांना सांगून पाजा. उलट्या होणाऱ्या पोराला जबरदस्तीनं पाजून पाणी आणखी कमी करू नका.

तापाबद्दल मंडळाच्या फलकावर काय लिहायचं असं तुम्ही विचारलंय. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेच्या पुराची पातळी आपल्याकडं पोरासोरांना तोंडपाठ असते, 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. डेंग्यूच्या तापाला पण अशीच धोक्याची खूण आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. ताप दोन ते सात दिवस राहतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात तो उतरतो, आणि तो उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास सगळ्यात जपायचे असतात. घरच्यांना वाटतं बरं वाटतंय, पोरगं शाळेत जातं, आणि त्याच दिवशी रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपायला लागतं. पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, पोर गुंगीत किंवा उगाच चिडचिडं, सहा तासांत लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खासगी, थेट दवाखाना. त्या वेळेसाठी रिक्षावाल्या दोघांचे नंबर फलकावर लिहा.

तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं. अॅस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमधून 'अंगदुखीची दे' म्हणून आणलेल्या पुडीत बऱ्याचदा नेमकं तेच असतं. 'डॉक्टर, एक सुई मारा' हा आग्रहही सोडा. पाणी, ओआरएस, ताक, पेज, शहाळं हे थोडं थोडं पण सारखं द्यायचं. तांबडा रस्सा बरा झाल्यावर, त्याला आठ दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही! तपासणीचंही एक लक्षात ठेवा : तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-1, त्यानंतर आयजीएम. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली की निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात.

पेशंटला ताप असेपर्यंत दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. पेशंटला डास चावला की आठ-दहा दिवसांनी तोच डास दुसऱ्यांना डेंग्यू द्यायला तयार होतो. मच्छरदाणीमुळं घरातली बाकीची माणसं वाचतात. मंडळानं चार-सहा चांगल्या मच्छरदाण्या घेऊन ठेवाव्यात, ज्याच्या घरी पेशंट त्याला वापरायला द्याव्यात, धुऊन परत घ्याव्यात. तुमच्या पुतणीला एकदा झाला म्हणून ती सुटली असंही नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या प्रकाराचा परत होऊ शकतो आणि दुसऱ्या खेपेला तो जास्त त्रास देण्याची शक्यता असते. तिला सकाळपासूनच पायभर कपडे, आणि टेबलाखाली तेवढं लक्ष.

हेच पत्र ताराबाई पार्कातल्या किंवा रुईकर कॉलनीतल्या अपार्टमेंटमधून आलं असतं तर मी बॅरल सोडून लिफ्टचा खड्डा, कुंड्यांखालच्या बशा, बाटलीतला मनी प्लांट, फ्रीजमागचा ट्रे आणि बंद फ्लॅटमधला कमोड यांची नावं घेतली असती. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर साठवलेलं पाणीही.

तुमची पेठ नदीपासून लांब आहे, पण हे वाचणाऱ्यांत सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरी कुंभार गल्लीतले लोकही असतील. 2019 आणि 2021 चा पूर त्यांनी अंगावर घेतलाय. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. पुराचा गाळ काढताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर झाकल्याशिवाय उतरू नका. नंतर ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं असं झालं तर डॉक्टरांना आधी सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो. ते लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा विचार करतील. आणि पाणी उतरल्यावर नळाचं पहिलं पाणी गढूळ आलं तर सोडून द्या, पुढचं खळखळ उकळून प्या. गरोदर बाईच्या बाबतीत यात अजिबात ढिलाई नको, दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ तिला जिवावर बेतू शकते. 2012 साली इचलकरंजीनं काविळीची साथ सोसलीय, ते फार जुनं झालेलं नाही.

राहिली रविवारची बैठक. मशिनला विरोध म्हणून उभे राहू नका, पोरं लगेच दोन गटांत वाटली जातील. आधी गच्चीवर सगळ्यांना घेऊन जा, खाली आल्यावर बरणी ठेवा, आशाताईंना बोलू द्या, आणि मग ठराव मांडा की मशिनचा विचार दोन महिन्यांनी, तोवर शिलकीतून झाकणं, मच्छरदाणीचं कापड, सहा मच्छरदाण्या, चार बॅटऱ्या आणि दुकानाची ताडपत्री. दर पाळीला किती घरं बघितली आणि किती घरांत अळ्या निघाल्या एवढे दोन आकडे तालमीच्या फलकावर लिहायचे, घरमालकाचं नाव लिहायचं नाही. उरलेले पैसे बँकेतच राहू द्या. पेशंट निघालाच तर धुरासाठी महापालिकेला अर्ज करा, पोच घ्या, आणि गाडी येईल त्या संध्याकाळी गल्लीभर ओरडायला एक चांगला आवाजाचा पोरगा ठेवा : 'दारं उघडा, धूर आलाय!'